गेट रजिस्टरचे नऊ दिवस

ती घटना घडून बरीच वर्षं झाली, पण ती आठवली नाही असा एकही महिना गेलेला नाही. मी तेव्हा इंदूरच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. औद्योगिक वसाहतीचा एक भाग आमच्या हद्दीत येई. कोणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही. काही माणसं हयात आहेत, आणि जी गेली त्यांची मुलंबाळं याच शहरात राहतात.

दुपारी पावणेतीनच्या सुमारास ठाण्यातला फोन वाजला. कपड्यांच्या रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात गॅस सुटला आहे आणि माणसं पडली आहेत, एवढंच कळलं. आम्ही पोहोचलो तेव्हा अग्निशमन दलाची गाडी आधीच उभी होती. फाटकाबाहेर सडक्या अंड्यासारखा वास पसरला होता. मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात दलाच्या प्रमुखाने माझा दंड धरला आणि म्हणाला, "बास आ रही है तब तक ठीक है, साहब. बास आना बंद हो जाए, तो समझो गए." तो गॅस जास्त झाला की आधी माणसाचं नाक मारतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तीन माणसं गेली. दुसऱ्या पाळीचा इनचार्ज सांडपाण्याच्या टाकीच्या काठावर पडला होता. त्याला उचलायला धावलेले दोन कामगार त्याच्या शेजारी पडले होते. चौथा एक हेल्पर, विसेक वर्षांचा असेल, बेशुद्ध पण जिवंत मिळाला. त्याला बाहेर ओढून आणलं होतं ते पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने. पंचावन्नच्या आसपासचा माणूस. तोंडावर ओला गमछा बांधून तो आत शिरला, हेल्परला काखेत धरून फाटकापर्यंत आणलं आणि तिथेच कोसळला. कारखान्यात सगळे त्याला उस्ताद म्हणत. मीही इथे त्याला उस्तादच म्हणेन.

कारखान्यामागच्या गल्लीत पंचवीसेक घरं होती. तिथली माणसं उलट्या करत रस्त्यावर आली होती. डोळे लाल, श्वास अडकलेला. त्यातल्या पुष्कळांना पुढे वर्षानुवर्षं दम लागत राहिला. हेल्परचा श्वास परत आला, पण मेंदू परत आला नाही. तो आजही आहे. त्याची आई त्याला भरवते.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या एका कसब्यातला. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. कॉलेजचा फॉर्म माझ्या शाळेतल्या गणिताच्या गुरुजींनी स्वतः भरला, कारण तो कसा भरायचा हे आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. खात्याने मला वर्दी दिली, शहर दिलं, सुदामा नगरात दोन खोल्यांचं घर दिलं. या सगळ्याची जाणीव मला होती आणि आहे.

त्याच ठाण्यात माझ्याच बॅचचा दुसरा उपनिरीक्षक होता. त्याच्या पणजोबांपासून घराणं होळकरांच्या दरबारी चाकरीत. घरी शुद्ध मराठी, शाळेत इंग्रजी, चौकात अस्सल इंदोरी. अक्षर मोत्यासारखं. आमचे टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रभारी, त्याची केस डायरी सगळ्यांसमोर वाचून दाखवत आणि म्हणत, "देखो, इसको कहते हैं विवेचना." विवेचना म्हणजे तपास. हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नसत, पण मला वाटे की बघताहेत.

तो माझ्याशी कधी वाईट वागला नाही. खात्याच्या परीक्षेसाठी त्याने आपल्या टिपणांची वही मला आपणहून दिली. मी त्या वहीवर पास झालो आणि त्या वहीचाच मला राग येत राहिला. तो माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

गॅसच्या प्रकरणात टीआय साहेबांनी काम वाटून दिलं. कामगारांची चौकशी माझ्याकडे. यंत्रसामग्री, मालक, मॅनेजर आणि कारखाना निरीक्षकांचा पत्रव्यवहार बॅचमेटकडे. इंग्रजी कागद वाचायचे म्हणून त्याच्याकडे, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण कारण तेच होतं. पेपरवाले ज्यांना फोन करतील ती बाजू त्याची, आणि रडणाऱ्या माणसांचे जबाब माझे, असं मी मनात लिहून घेतलं.

पहिल्याच संध्याकाळी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, कायम झाला, पंचनामे झाले. जप्तीत मी फाटकावरचं रजिस्टर घेतलं. मोठ्या कारखान्यात माणसांचं वेगळं आणि मालाचं वेगळं असतं. इथे एकाच जाड वहीत चौकीदार सगळं लिहायचा. कोण कधी बाहेर गेलं, कोणता ड्रम आत आला, कोणतं यंत्र दुरुस्तीला गेलं. मी जप्ती पंचनाम्यावर त्याची सही घेतली आणि वही ठाण्यात आणली.

दुसऱ्या दिवशी खबर आली. वसाहतीत चहाची टपरी चालवणारा एकजण आमचा मुखबिर, म्हणजे खबऱ्या, होता. त्याने मला बाजूला घेतलं. उस्ताद आणि इनचार्ज दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते, असं तो म्हणाला. वर्षानुवर्षं काम उस्तादने केलं, आणि इनचार्ज झाला तो कालचा पोरगा. त्यातून हे झालं. मग तो हळूच म्हणाला, "साहब, उसकी पाली दो बजे छूट गई थी. ढाई बजे तक साइकिल स्टैंड पे काहे को बैठा था? तमाशा देखने को?"

अंगावर काटा आला. खरं लिहायचं तर आनंदाचा काटा. बॅचमेट तिकडे पाइपांचे नकाशे बघत बसला होता आणि इकडे माझ्या हातात सरळ खुनाची केस आली होती. खबर खरी असली तरी ती तुमच्यापर्यंत कोणी पाठवली हे आधी विचारायचं असतं. मी विचारलं नाही. त्या टपरीवर आदल्या संध्याकाळी कारखान्याचा मॅनेजर तासभर बसून गेला होता, हे मला फार उशिरा कळलं.

उस्तादला सरकारी रुग्णालयातून सुट्टी मिळाली त्याच दिवशी मी त्याला वॉर्डातून ताब्यात घेतलं.

गॅस कसा झाला ते तोवर स्पष्ट झालं होतं. कारखान्यात सांडपाण्याच्या दोन टाक्या होत्या. एकीत ॲसिडचं पाणी, दुसरीत सल्फाइडचं. ही दोन पाणी एकत्र आली की तो गॅस होतो. त्या सकाळी दुसऱ्या टाकीचा पंप अडकला होता, म्हणून उस्तादने पहिली टाकी रिकामी करून, धुऊन सल्फाइडचं पाणी तात्पुरतं तिच्यात सोडलं. असं अधूनमधून करावं लागे. फक्त पुढच्या पाळीला ते सांगायचं असतं. त्याने सांगितलं नाही. इनचार्जने रोजच्यासारखा ॲसिडचा वॉल्व्ह त्याच टाकीत उघडला.

"सांगितलं का नाही?" हा एकच प्रश्न मी त्याला दोन दिवस विचारत राहिलो. चौकशीच्या खोलीत तो भिंतीला टेकून बसायचा. तीन वाक्यांनंतर खोकला यायचा, आणि खोकला थांबेपर्यंत मला वाट बघावी लागे. मला तेही नाटक वाटायचं. पुष्कळ वर्षांच्या नोकरीत मी एक पाहिलं आहे. खोटं बोलणारा माणूस तुमचा प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. उस्ताद उत्तरच देत नव्हता, आणि त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावत होतो.

तिसऱ्या दिवशी तो बोलला. आधी त्याने मला तिथली पद्धत समजावली. पाळी बदलताना जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला घेऊन प्रत्येक वॉल्व्हपाशी जातो. त्यावर हात ठेवतो, उघडा आहे की बंद ते सांगतो. मग येणारा त्याच जागी हात ठेवतो. याला ते 'हात लावून चार्ज' म्हणत. उस्ताद आणि इनचार्ज दोघेही बंद पडलेल्या कापड गिरणीतून इथे आलेले, आणि ही रीत तिथली. कागदावरचं पाळीचं रजिस्टर होतं, पण ते शनिवारी एकदम आठवड्याचं भरायचं, तपासणीवाल्यांसाठी. त्यात कोणी बघत नसे. खरा चार्ज हाताने.

इनचार्जला गिरणीत असताना उस्तादनेच काम शिकवलं होतं. बी.एस्सी. झालेला मुलगा, हुशार. मालकाने पदवी बघून त्याला इनचार्ज केलं. उस्तादला तोवर त्या जागेची आशा होती.

"पहिल्या दिवशी तो नवीन शर्ट घालून आला," उस्ताद म्हणाला. "मी म्हटलं, या साहेबजी. पोरं हसली. त्याला लागलं ते. तो म्हणाला, उस्ताद, आता तुम्ही चार्ज कॅबिनमध्ये येऊन देत जा. मी म्हटलं, मी कॅबिनमध्ये कशाला येऊ भिया? वॉल्व्ह काय कॅबिनमध्ये आहेत?"

त्या दिवसापासून हात लावून चार्ज बंद झाला. उस्ताद दोन वाजता हात धुऊन निघे. इनचार्ज स्वतः फिरून बघे, जेवढं दिसेल तेवढं.

"मग त्या दिवशी तरी सांगायचं होतं," मी म्हणालो.

"सांगणारच होतो. तो विचारेल म्हणून स्टँडवर बसलो होतो. एकदा म्हणेल, उस्ताद, जरा बघून जा ना. एवढंच." त्याने खोकला आवरला. "रोज बसायचो, साहेब. त्याने कधीच बोलावलं नाही."

मी हे लिहून घेतलं आणि त्यावर विश्वास ठेवला नाही. रोज बसायचो, हे आता कोणीही म्हणेल.

त्या संध्याकाळी मी गेट रजिस्टर काढलं. तोवर फक्त घटनेच्या दिवसाचं पान पाहिलं होतं. आता मागची पानं उलटली. चौकीदाराचं अक्षर वेडंवाकडं, पण वेळा नेटक्या. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत उस्ताद दोन वीसला बाहेर. नंतर दोन चाळीस. दोन पन्नास. दोन पस्तीस. एकही दिवस सुटलेला नाही. माणूस साठ दिवस रोज अर्धा तास फाटकाच्या आतल्या सायकल स्टँडवर बसून कोणी हाक मारेल म्हणून वाट बघत होता.

त्याच पानांत आणखी एक ओळ होती. घटनेच्या अठरा दिवस आधी 'स्क्रबर मोटर, रिपेअरला बाहेर'. परत आल्याची नोंद कुठेच नाही. गॅस झालाच तर तो ओढून धुऊन काढणारी जी यंत्रणा असते तिला स्क्रबर म्हणतात. मॅनेजरने जबाबात सांगितलं होतं की स्क्रबर घटनेपर्यंत चालू होता. म्हणजे तो खोटं बोलला होता, आणि स्क्रबर खरंच चालू असता तर टाकीत चूक होऊनही माणसं वाचू शकली असती. जी गोष्ट सिद्ध करायला माझा बॅचमेट तीन दिवस फायलींची धूळ खात होता, ती माझ्या टेबलावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. "अरे, गेटचं रजिस्टर तू जप्त केलं होतंस ना? मला जरा बघायचंय. मोटर कधी बाहेर गेली ते त्यात असणार."

मी म्हणालो, "मुन्शीकडे दिलंय. शोधायला सांगतो."

रजिस्टर माझ्या कपाटात होतं. ठाण्याचं दप्तर आणि जप्त वस्तूंचा मालखाना सांभाळणाऱ्या मुन्शीकडे मी ते जमा केलंच नव्हतं.

असं का केलं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. ते रजिस्टर दिलं असतं तर माझी खुनाची केस संपली असती आणि त्याची मालकाविरुद्धची केस उभी राहिली असती. टीआय साहेबांनी त्याची डायरी परत सगळ्यांसमोर वाचली असती. मी तेवढंच बघत होतो. लॉकअपमध्ये एक माणूस खोकतोय, त्याच्यावर खुनाचं कलम तीनशे दोन लागलं आहे, त्याला जन्मठेप होऊ शकते, हे मला माहीत होतं. पण ते जणू शेजारच्या ठाण्याचं प्रकरण होतं. हेव्यात माणसाला समोरचं कमी दिसतं असं नाही. सगळं दिसतं. फक्त त्यातलं काही आपलं काम वाटत नाही.

बॅचमेटने दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा मी मुन्शीवर ढकललं. पेपरात माझं नाव आलं. कसब्यातून वडिलांच्या ओळखीच्या कोणीतरी फोन करून अभिनंदन केलं. उस्तादची रवानगी तुरुंगात झाली आणि तिथून दोन वेळा त्याला ऑक्सिजनसाठी रुग्णालयात न्यावं लागलं.

दहाव्या दिवशी सकाळी इनचार्जची बायको ठाण्यात आली. जुनी इंदूर मोहल्ल्यात सासरच्या घरी राहायची. सोबत दीर होता, त्याला तिने बाहेरच बसवलं. मला वाटलं, आरोपीला फाशी द्या म्हणायला आली असेल. मी पाणी मागवलं.

"उस्तादांना सोडा," ती म्हणाली. "त्यांनी नाही केलं."

मी समजावणीच्या सुरात सांगितलं की तुम्हाला आतल्या गोष्टी माहीत नाहीत.

"मला माहीत आहेत ना. हे रोज घरी येऊन तेच सांगायचे. आज पण स्टँडवर बसले होते म्हणे. यांच्या कॅबिनच्या खिडकीतून दिसायचं. मी म्हणायची, मग बोलवा ना त्यांना, काय बिगडतं? तर म्हणायचे, मी का बोलावू? सगळा प्लांट अजून त्यांनाच विचारतो. मी काही काम सांगितलं, की पोरं आधी त्यांच्याकडे बघतात. इनचार्ज मी आहे की ते? आधी त्यांनी यावं."

ती रडत नव्हती. रडून झालं होतं.

"दोघं एकमेकांना बघत बसायचे, साहेब. एक खिडकीतून आणि एक स्टँडवरून. मला माझा माणूस गेल्याचा राग आहेच. उस्तादांचाही आहे. पण त्यांनी मारलं नाही. मारायचं असतं तर रोज कशाला बसले असते?"

ती गेली.  समोरच्या टेबलावर बॅचमेट काहीतरी लिहीत होता. मान खाली, तेच मोत्यासारखं अक्षर. मलाही तो रोज दिसत होता.

मी कपाट उघडलं, रजिस्टर काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. त्याने पानं उलटली. मोटरच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. मग उस्तादच्या वेळांवर. हुशार माणूस, त्याला दोन मिनिटं लागली.

"मुन्शीकडे सापडलं?" त्याने विचारलं. मला सुटायला वाट करून दिली होती त्याने. तो तसाच होता.

"माझ्याकडेच होतं," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून."

त्याने वही मिटली. रजिस्टर उचलून टीआय साहेबांच्या खोलीकडे निघाला. दारात थांबून म्हणाला, "तूही चल. तूच दे त्यांना."

त्या दिवसापासून तपासाची दिशा फिरली. मोटर दुरुस्तीच्या दुकानात धूळ खात सापडली. गॅससाठीचे मुखवटे ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद निघाले, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न काढलेले. तपासणी असेल त्या दिवशी ते भिंतीला टांगायचे आणि दुसऱ्या दिवशी परत कपाटात. उस्तादवरचं तीनशे दोन काढलं. पुराव्याअभावी त्याला आरोपींतून वगळून साक्षीदार केलं. मालक आणि मॅनेजरवर सदोष मनुष्यवधाचं चालान, म्हणजे आरोपपत्र, न्यायालयात गेलं. मला खात्याकडून लेखी निंदा मिळाली. सेवापुस्तकात ती आहे. मला ती कमीच वाटली.

खटला रेंगाळला. इंदूरच्या न्यायालयात त्या तारखांना मी जात असे, समन्स नसलं तरी. उस्ताद प्रत्येक जिन्यावर दोनदा थांबायचा. वरच्या बाकावर एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला इनचार्जची बायको बसायची. ती त्याच्याशी बोलत नसे. त्याला खोकल्याची उबळ आली की आपली पाण्याची बाटली बाकावरून त्याच्याकडे सरकवायची, आणि तो प्यायला की परत घ्यायची.

उस्तादची साक्ष झाली. मालकाच्या वकिलाने त्याला सरळ विचारलं की मयताचा तुम्हाला हेवा वाटत होता, हे खरं का? सरकारी वकील आक्षेप घ्यायला उठले. उस्तादने हात वर केला आणि म्हणाला, "जी, सच है. बहुत जलता था मैं उससे. बेटे जैसा था, फिर भी."

बचाव पक्षाला हेच हवं होतं. त्यांनी अर्ज दिला की खरा गुन्हेगार हाच आहे, याला पुन्हा आरोपी करा. त्यांचं म्हणणं, मोटर घटनेच्या दिवशी चालू होती, दुकानात ती नंतर गेली. गेट रजिस्टर बनावट आहे. नऊ दिवस ते मालखान्यात नव्हतं, त्या काळात पोलिसांनीच पानं घुसवली आणि कामगाराला वाचवलं. आता उस्ताद पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात जाणार की नाही, हे त्या एका वहीवर येऊन ठेपलं. आणि त्या वहीचा साक्षीदार मी होतो.

साक्षीच्या आधी सरकारी वकिलांनी मला बाहेर घेतलं. नऊ दिवसांचं विचारलं तर म्हणा, अभ्यासासाठी ठेवलं होतं, कामाचा ताण होता, जमा करायचं राहून गेलं. चालून जातं. मी मान हलवली.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला. रजिस्टर नऊ दिवस कुठे होतं? माझ्या कपाटात. सहकाऱ्याने मागितलं होतं? हो, तीन वेळा. तुम्ही काय सांगितलं? माझ्याकडे नाही. म्हणजे खोटं सांगितलं? हो. कशासाठी?

अभ्यासासाठी म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. अभ्यास करायचा होता, तर खोटं का बोललात? तिथे ते रजिस्टर संपलं असतं, आणि त्याच्याबरोबर उस्ताद. बॅचमेट आपली साक्ष देऊन भिंतीला टेकून उभा होता. तोवर तो हुद्द्याने माझ्या दोन पायऱ्या पुढे गेला होता.

मी म्हणालो, "मुझे अपने साथी से ईर्ष्या थी. उस रजिस्टर से उसका केस बनता और मेरा टूटता. इसलिए छुपाया."

टंकलेखकाने हात थांबवून न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जैसा बोला है, वैसा ही लिखिए."

वकिलाने आणखी चारदोन प्रश्न विचारले, पण त्यात जोर उरला नव्हता. जो माणूस स्वतःची केस मोडणारी वही लपवतो, तो त्या वहीत पानं कशाला घुसवेल? निकालात न्यायाधीशांनी जवळपास हेच लिहिलं. उस्तादबद्दलही लिहिलं की जो साक्षीदार स्वतःविरुद्ध जाणारी गोष्ट कबूल करतो, त्याने मुखवटे आणि मोटर याबद्दल सांगितलेलं अविश्वसनीय मानण्याचं कारण नाही. अर्ज फेटाळला गेला. मालक आणि मॅनेजरला शिक्षा झाली. पुढे अपील, जामीन, जे होतं ते झालं. त्या गल्लीतल्या लोकांच्या छातीला त्याने काही फरक पडला नाही.

साक्ष संपल्यावर मी जिन्यावर उस्तादजवळ थांबलो. वही मी नऊ दिवस का लपवली, ते त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं. तुरुंगातल्या त्या दिवसांनी त्याची छाती आणखी गेली, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी माफी मागू लागलो. त्याने मला बोलू दिलं, मग कठड्याला धरून श्वास घेतला.

"तुम्ही उशिरा दिलंत, साहेब," तो म्हणाला. "पण तुमचा चार्ज घेणारा अजून समोर होता."

त्यानंतर तो चार वर्षं जगला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. त्यांना वाटतं, मी रसायनांबद्दल किंवा पुराव्याबद्दल काही सांगेन. मी सांगतो की गुन्ह्यांत मी राग पाहिला, हाव पाहिली, दारू पाहिली. पण ज्यात सगळे भले होते आणि तरी तीन माणसं मेली, असं प्रकरण हे एकच. उस्ताद भला होता. इनचार्ज भला होता. मीही स्वतःला भला समजत होतो. हेव्याला वाईट माणूस लागत नाही. त्याला फक्त एक गप्प बसलेला माणूस लागतो, आणि समोर दुसरा.

माझा बॅचमेट बराच वर जाऊन निवृत्त झाला. विजय नगरात राहतो. मुलगी परदेशात डॉक्टर आहे, हे तो सांगतो तेव्हा मला अजूनही आत कुठेतरी टोचतं. हे या वयात लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहायला जास्त वाटेल. टोचलं की मी त्याला तसं सांगून टाकतो. तो हसतो, म्हणतो, "अबे, अजून?" मी म्हणतो, हो, अजून.